फॉलोअर 11 हजार, ऑर्डरी 60

या वेळचं पत्र सांगलीहून आलंय. मोठं होतं, कापून देतेय.

"ताई, आमचा आजोबांच्या वेळेपासनं सांगलीत डंक, म्हणजे मिरची-मसाला कुटायची गिरण आहे. उन्हाळ्यात बायका मिरच्या घेऊन येतात, आम्ही चटणी कुटून देतो, शिवाय स्वतःची कांदा-लसूण चटणी आणि हळद पॅक करून विकतो. मी इंजिनिअरिंग करून पुण्यात नोकरीला होतो, आता परत आलोय. ऑनलाइन ब्रँड करायचा म्हणून एक एजन्सी लावली, महिना 18 हजार, जाहिरातीला वर 10 हजार. इन्स्टावर 11 हजार फॉलोअर झाले पण ऑर्डरी महिन्याला 60 च्या वर जाईनात. अर्ध्या किलोच्या पाकिटामागं सगळा खर्च जाऊन 70 रुपये उरतात. एजन्सी म्हणते दुकानाचं जुनं नाव सोडा, मॉडर्न इंग्रजी नाव घ्या. एक फूड ब्लॉगर एका रीलचे 15 हजार मागतोय, एक जण 100 फाइव्ह स्टार रिव्ह्यू विकत देतो म्हणतोय. आणि आमचे आप्पा म्हणतात माल चांगला असला की जाहिरात लागत नाही, बंद कर ही थेरं. कुणाचं ऐकू?"

भावा, कुणाचं ऐकायचं ते नंतर बघू, आधी तूच दिलेले आकडे मांडू, कारण तू आकडे दिलेस पण भागाकार केलेला दिसत नाही. 18 आणि 10 म्हणजे महिना 28 हजार. पाकिटामागं 70 उरतात. म्हणजे 400 पाकिटं गेली तर तू कुठं शून्यावर येणार, आणि जातायत 60. एका ऑर्डरीत एकच पाकीट धरलं तर 4,200 रुपये येतात आणि 28 हजार जातात, शिवाय फेसबुक-इन्स्टाच्या जाहिरातीच्या बिलावर 18 टक्के जीएसटी लागतो तो वेगळाच. इंजिनिअर माणूस तू, हे तुला सांगायला मी कशाला पाहिजे? पण होतं असं, फॉलोअरचा आकडा रोज वाढताना दिसतो ना, मग माणूस गल्ल्याकडं बघायचंच विसरतो.

तू लिंक पाठवली होतीस म्हणून तुझं पेज निवांत बसून बघितलं. जागतिक चॉकलेट दिनाच्या शुभेच्छा, खाली चटणीच्या दुकानाचा लोगो. फ्रेंडशिप डे, खाली लोगो. मग एक गोऱ्या बाईचा फोटो, ती सॅलड खातेय, आणि वर लिहिलंय टेस्ट ऑफ ट्रॅडिशन. अरे ती बाई आयुष्यात भाकरीला शिवली नसेल. 11 हजारातले किती जण खरंच गिऱ्हाईक होण्यासारखे आहेत ते बघायला इन्स्टाच्या इनसाइट्समध्ये जा, फॉलोअर कुठल्या शहरातले, कुठल्या वयाचे ते तिथं फुकट दिसतं. गिव्हअवे करून जमवलेली पब्लिक असेल तर ती फुकटच्या मिक्सरसाठी आलेली असते, चटणीसाठी नाही.

त्यातल्या एका पोस्टवर मात्र मी थांबले. "आमची हळद, डायबेटीसवर रामबाण." ही पोस्ट आत्ता, हे वाचता वाचता डिलीट कर. हळद-मसाला विकणाऱ्यानं रोग बरा होतो असा दावा करायचा नसतो, त्यासाठी 1954 पासनं औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे, त्यात डायबेटीस नाव घेऊन लिहिलेला आहे. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे. पोस्ट एजन्सीनं टाकली असली तरी पाकिटावर नाव तुझं आहे, पाकिटावरचा 14 आकडी एफएसएसएआय, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नंबरही तुझाच.

आता खरी गोष्ट. तुझी चटणी विकत कोण घेतं, याचा विचार त्या एजन्सीनं केलेला नाही आणि मला वाटतं तूही केला नाहीस. तू समजतोयस पुण्यातला तरुण रील बघणार, वा वा करणार आणि ऑर्डर टाकणार. काही टाकतीलही. पण सांगली, मिरज, तासगाव, विट्याच्या घरांत काय चालतं बघ की. पोरगा हिंजवडीला, पोरगी नवी मुंबईत, आणि आई इथनं एसटीच्या पार्सलनं नाहीतर ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरला गळ घालून चटणीचा डबा पाठवतेय, मग पोरगा सकाळी सहाला स्वारगेटला नाहीतर वाकडला उभा. पैसे देणारी इथं, खाणारा तिथं. आणि ही देणारी बाई दर उन्हाळ्यात तुझ्या डंकावर नंबर लावून दोन तास बसलेली असते! 28 हजार खर्चून ज्याला शोधतोयस त्याची आई तुझ्या बाकड्यावर बसलीय.

म्हणून पहिलं काम ऑनलाइन नाहीच. डंकावर ठळक बोर्ड लाव: पुण्या-मुंबईला घरपोच, पैसे इथं द्या, डबा तिथं पोचेल. तिची स्वतःची मिरची असली तरी कुटून झाल्यावर तिथल्या तिथं दोन किलो पॅक करून लेकाच्या पत्त्यावर पाठवायची सोय दे, कुरिअर आणि पॅकिंगचे पैसे वेगळे घे. विचारून, तिला चालत असेल तरच, तिचा आणि पोराचा नंबर लिहून घे. पॅकिंगकडं मात्र लक्ष दे, चटणीला तेल सुटतं, पिशवी फुटून कुरिअरच्या खोक्यात लाल डाग पडले की पहिली ऑर्डर हीच शेवटची. पिशवीत पिशवी, तोंड नीट सील, मग खोकं. आणि एकदा स्वतःच्याच पुण्यातल्या मित्राला पाठवून बघ काय अवस्थेत पोचतंय.

मग येतं व्हॉट्सअॅप. दुकानासाठी वेगळा नंबर घेऊन व्हॉट्सअॅप बिझनेस टाक, 2018 पासनं आहे, फुकट आहे, तुझ्यासारख्या दुकानदारासाठीच काढलंय. त्यात कॅटलॉग टाकता येतो, म्हणजे चटणी अर्धा किलो, एक किलो, हळद पाव किलो, फोटो आणि भाव, रोज रोज रेट काय विचारणाऱ्याला टाइप करत बसायला नको. नवं गिऱ्हाईक, पैसे यायचे, पार्सल गेलं अशी लेबलं लावता येतात. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका वेळी 256 जण बसतात, पण एक मेख आहे, ज्यांनी तुझा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. त्यामुळं प्रत्येक पाकिटात एक चिठ्ठी टाक, नंबर सेव्ह करा, पुढच्या वेळी नुसतं "चटणी" लिहून पाठवा. आणि कुणालाही न विचारता ग्रुपात कोंबू नकोस, रोज सकाळी सूर्यफुलाचा फोटो आणि सुप्रभात तर अजिबात नको. महिन्यातनं एखादा मेसेज, तोही काहीतरी सांगण्यासारखं असलं तरच.

सांगण्यासारखं काय असतं? अरे तुझ्याकडं तर वर्षभर पुरेल एवढं आहे. नवी मिरची बाजारात आली, यंदा ब्याडगीचा भाव काय, रंगासाठी ब्याडगी किती आणि तिखटासाठी संकेश्वरी किती घालतात, लवंगी कोण मागतं, देठ का खुडायचे, मिरची उन्हात किती कडक झाली की डंकात घालायची, खोबरं किती भाजायचं, लसूण कधी घालायचा. हे सगळं आप्पांना तोंडपाठ असणार. त्यांना कॅमेऱ्यासमोर उभं करून भाषण करायला लावू नकोस, ते लाजतील नाहीतर चिडतील. ते काम करताना तू प्रश्न विचार आणि मोबाइलवर शूट कर, मागं डंकाचा आवाज येऊ दे, तो म्यूट करून वर हिंदी गाणं टाकू नकोस. मिरची हातात घेऊन मोडून "ही वाळली नाही, नेऊन परत उन्हात टाका" असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगणारा म्हातारा, याहून चांगली जाहिरात कुठली एजन्सी करून देणार? माल चांगला असला की जाहिरात लागत नाही म्हणतात ना आप्पा, त्यांचं निम्मं बरोबर आहे. माल चांगला आहे हे बाकड्यावर बसलेल्या बाईला दिसतं, ठाण्यात बसलेल्या तिच्या सुनेला दिसत नाही, एवढाच फरक आहे आणि तेवढंच तुला दाखवायचंय.

आप्पांना हे पटवायचं असेल तर इथलंच उदाहरण दे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर कारखाना टाकला, आज ते गाव आपल्याच जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी. त्यांचा लोखंडी नांगर शेतकरी घेईनात, लोखंडानं जमिनीला विष चढतं असा समज होता. माल चांगलाच होता की, तरी खपेना! लोकांना समजावून सांगत, दाखवत विश्वास बसवावा लागला. आणि 1920 साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिक काढलं, कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचवायला, आणि ते एवढं वाचनीय निघालं की पुढं ते महाराष्ट्रभर घराघरात वाचलं जाणारं मासिक झालं. आत्ता एजन्सीवाले कंटेंट मार्केटिंग म्हणून जे विकतात ते शंभर वर्षांपूर्वी आपल्या माळावर झालेलं आहे, आणि त्यात चॉकलेट दिनाच्या शुभेच्छा नव्हत्या.

हळदीसाठी तर तुझ्याकडं आख्खं गाव आहे. मार्केट यार्डातले हळदीचे सौदे, राजापुरीची पोती, ते वातावरण सांगलीबाहेरच्या माणसानं कधी बघितलेलं नसतं. परवानगी काढून एक दिवस शूट कर. सांगलीच्या हळदीला 2018 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्याचा शिक्का पाकिटावर छापायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते, फी नाममात्र असते, कागदपत्रं जमवायचा मात्र कंटाळा करू नकोस, आणि नोंद होईपर्यंत लोगो छापू नकोस. अजून एक रील फुकट देते. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकायची, चांगली हळद तळाला बसताना पाणी फिकट पिवळं होतं, रंग मिसळलेली असेल तर पाणी गडद पिवळं होतं. ही एफएसएसएआयनंच लोकांना घरी करून बघायला सांगितलेली टेस्ट आहे. तुझी हळद टाकून दाखव. दुसऱ्या कुणाचं पाकीट मात्र फ्रेममध्ये घेऊ नकोस, भांडणं नकोत.

गूगलवर दुकान आहे का तुझं? मी शोधलं, नकाशावर डंक दिसतो पण फोन नंबर नाही, वेळ चुकीची आणि फोटो कुणीतरी रस्त्यावरनं काढलेला ज्यात तुमच्यापेक्षा शेजारच्या रसवंतीगृहाचं बैल जास्त दिसतंय. गूगल बिझनेस प्रोफाइल, आधी ज्याला गूगल माय बिझनेस म्हणायचे, ते क्लेम कर. फुकट आहे, व्हेरिफिकेशनला बहुतेक वेळा दुकानाचा व्हिडिओ मागतात, तो द्यायचा. कॅटेगरी नीट निवड, सीझनची आणि बिगर सीझनची वेळ टाक, लाइट नसते त्या वारी डंक बंद असेल तर तेही टाक. "डंक नियर मी" म्हणून शोधणारी, नुकतीच बदली होऊन सांगलीत आलेली बाई इन्स्टावर जात नाही, नकाशावरच बघते.

100 रिव्ह्यूवाल्याला हाकल. गूगलच्या नियमात ते बसत नाही, पकडलं तर रिव्ह्यू उडतात आणि प्रोफाइलवर बंधनंही येऊ शकतात, पण ते सोड, वाचणाऱ्याला कळत नाही का? एकाच आठवड्यात 100 जण येऊन "नाईस प्रॉडक्ट गुड क्वालिटी" लिहून गेले, सगळे वेगवेगळ्या राज्यांतले, त्यातल्या एकानंही तिखटाबद्दल चकार शब्द काढलेला नाही. त्यापेक्षा डबा पोचल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी पोराला मेसेज टाक, कशी वाटली, जमलं तर गूगलवर दोन ओळी लिही. दहा येतील, खरे येतील. एखादा लिहील "लई तिखट आहे", तर त्याला उत्तर दे की पुढच्या वेळी ब्याडगी जास्त घालून देतो, सांगा. अशी उत्तरं वाचून लोक ऑर्डर करतात, नुसत्या पाच चांदण्या बघून नाही.

जाहिरात पूर्ण बंद कर असं मी म्हणत नाही. पण आत्ता तुझी एजन्सी पोस्ट बूस्ट करतेय, म्हणजे लाइक मिळवायची जाहिरात चाललीय, आणि लाइक मिळतायत, तक्रार कसली? अॅड्स मॅनेजरमध्ये, म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या जाहिराती लावायच्या जागी जाऊन मेसेज मिळवायची जाहिरात लाव, बटण दाबलं की सरळ दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर यायला पाहिजे. आख्खा महाराष्ट्र निवडू नकोस, आधी पुण्याचा एखादा भाग घे जिथं आपली माणसं जास्त, मजकूर मराठीत ठेव, दिवसाला दोन-तीनशेच्या वर जाऊ नकोस. आणि वर्षभर सारखा खर्च करायची काय गरज? मार्च ते मे चटणीचा सीझन, तेव्हा "यंदाची चटणी तयार" म्हणून कर, मग पावसाळ्यात गप्प बस आणि दिवाळीआधी परत कर.

एक गिऱ्हाईक मिळवायला किती खर्च परवडतो तेही सांगते, हे फार कमी लोक मोजतात. चटणी खाणाऱ्या घराला वर्षाला चार किलो तरी लागते, म्हणजे अर्ध्या किलोची आठ पाकिटं, 70 प्रमाणं 560 रुपये. परत परत घेणारं घर असेल तर त्याला आणायला शंभर-सव्वाशे गेले तरी चालतील. एकदा घेऊन गायब होणारं असेल तर 70 च्या वर गेलास की घाटा. त्यामुळं तुझ्या त्या 60 ऑर्डरींत परत आलेले किती ते आधी काढ. हा एक आकडा तू पत्रात दिला नाहीस, आणि मला सगळ्यात जास्त तोच पाहिजे होता. साठातले पंचवीस जर दुसऱ्यांदा आलेले असतील तर तुझा धंदा एजन्सीच्या नाकावर टिच्चून चाललाय. सगळे नवेच असतील तर मात्र चटणीत नाहीतर पोचवण्यात काहीतरी गडबड आहे, मग जाहिरात थांबव आणि दहा जणांना फोन करून विचार.

नावाचं काय? बदलू नकोस. आजोबांचं आडनाव आणि पुढं डंकवाले, याच्याएवढं चांगलं नाव त्या एजन्सीला सात जन्मात सुचणार नाही. किर्लोस्कर हे आडनावच, आणि 1939 ला भिलवडीत दुधाचा धंदा सुरू केलेले चितळे हेही आडनावच. इंग्रजी नाव घेतलंस तर पुण्यातल्या सुपरमार्केटच्या फळीवर तसली पन्नास पाकिटं आहेत, त्यात हरवशील. फक्त ट्रेडमार्कचा अर्ज भर. मसाल्याचा क्लास 30, एकट्या माणसाला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 4,500 रुपये, मिळाला की दहा वर्षं चालतो, मग रिन्यू करायचा. आधी सरकारी साइटवर फुकट सर्च कर, तुझं आडनाव त्या क्लासमध्ये कुणी आधीच घेतलेलं नाही ना बघ. अर्ज केल्यावर टीएम लिहिता येतं, गोलातलं आर मात्र नोंदणी झाल्याशिवाय छापायचं नाही, तो गुन्हा आहे. तुझ्या नव्या पाकिटाच्या डिझाइनमध्ये तो गोल दिसला मला, प्रिंटला गेलं नसेल तर काढून टाक.

ब्लॉगरचे 15 हजार म्हणजे दोनशे पाकिटांच्या वरची कमाई, एका रीलला. मी तरी देणार नाही. त्याऐवजी सांगली-मिरजेची पाच-सात हजार फॉलोअरवाली स्वयंपाक करणारी एखादी बाई शोध, तिला चटणी दे, पैसेही दे थोडे, आणि तिला खरंच आवडली तरच टाक म्हण. पैसे किंवा माल घेऊन केलेलं रील असेल तर जाहिरात आहे असं तिनं स्पष्ट दाखवायला पाहिजे, तसे नियम आहेत, आणि दाखवल्यानं काही बिघडत नाही.

एजन्सी सोडायची ठरवलीस तर भांडायच्या आधी एक काम कर. इन्स्टाचा पासवर्ड, फेसबुक पेजचं अॅडमिन, वेबसाइटचं डोमेन, अॅड अकाउंट, हे सगळं कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ईमेलवर आहे ते बघ. बऱ्याच दुकानदारांना हे नोटीस दिल्यावर कळतं, मग हातापाया पडायची पाळी येते. आधी सगळं स्वतःच्या ईमेलवर घे, पेजवर फुल कंट्रोल घे, डोमेनचं बिल तुझ्या नावावर आहे का बघ, मग गोड बोलून एक महिन्याची नोटीस दे. त्या 18 हजारात एखादी कॉलेजची पोरगी पार्ट टाइम ठेवलीस, जी डंकावर बसून शूट करेल आणि व्हॉट्सअॅपला दहा मिनिटांत उत्तर देईल, तरी निम्मे वाचतील.

आणि आप्पांना ऑनलाइनचा हिशोब दाखव, फॉलोअरचा नाही, परत आलेल्या ऑर्डरींचा, वहीत लिहून, त्यांना मोबाइलवरचे ग्राफ नको असतील. परत आलेल्यांचा आकडा मलाही कळव, पुढचं त्यावर ठरवू.